कान्हेरी पाहावी पाण्याच्या वाटेने

बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात मुख्य प्रवेशद्वारापासून सहा-सात किलोमीटर आत एका काळ्या डोंगराच्या उतारावर शंभरहून अधिक बौद्ध लेणी कोरलेली आहेत. मुंबईच्या लोकल गाड्यांपासून इतक्या जवळ, तरीही दाट जंगलाच्या आत, अशी ही कान्हेरीची जागा आहे. येथे येणारे बहुतेक जण पायऱ्या चढून तिसऱ्या क्रमांकाच्या चैत्यगृहात जातात, दोन्ही बाजूंच्या भव्य बुद्धमूर्तींसमोर उभे राहतात, आजूबाजूची चार-दोन लेणी पाहतात आणि उन्हाच्या आत परततात. मूर्ती सुंदर आहेत, त्या पाहायलाच हव्यात. पण कान्हेरीचे वेगळेपण एवढ्यात कळत नाही. या डोंगरावर जवळपास हजार वर्षे माणसे सतत राहत होती. ती राहू शकली याचे कारण जवळजवळ प्रत्येक लेण्याच्या अंगणात, पायाशी, एखाद्या कोपऱ्यात खोदलेल्या पाण्याच्या टाक्यांमध्ये आहे. मूर्तींच्या बरोबरीने पाण्याकडे पाहिले, तर कान्हेरी एक गजबजलेली वसाहत म्हणून डोळ्यांसमोर उभी राहते.

डोंगर निवडला तो का?

प्राचीन शिलालेखांत या डोंगराला ‘कण्हसेल’ आणि पुढे ‘कृष्णगिरी’ म्हटले आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या आसपास येथे खोदकाम सुरू झाले. तेव्हा हा डोंगर ज्या साष्टी बेटावर आहे, त्याच्या भोवती भरभराटीची बंदरे होती. उत्तरेला सोपारा, पूर्वेला खाडीच्या काठी कल्याण, दक्षिणेला चौल. ‘पेरिप्लस’ या पहिल्या शतकातल्या ग्रीक प्रवासग्रंथात या तिन्ही बंदरांची नावे येतात. सोपाऱ्याला सम्राट अशोकाच्या शिलालेखांचे तुकडे सापडले आहेत, म्हणजे बौद्ध धर्माची या किनाऱ्याशी ओळख त्याआधीच झाली होती. घाटांवरून उतरणारा माल या बंदरांत येई आणि जहाजांतून पश्चिमेकडे जाई.

भिक्षूंना वस्तीपासून फार दूर राहून चालत नसे, कारण अन्न भिक्षेतून मिळे. वस्तीच्या फार जवळ राहूनही चालत नसे, कारण ध्यानाला शांतता हवी. कान्हेरीचा डोंगर या दोन्ही गरजांच्या मधोमध होता. बंदरे आवाक्यात होती आणि भोवती जंगल होते. शिवाय पावसाळ्याचे तीन महिने एके ठिकाणी राहण्याचा, म्हणजे वर्षावासाचा, भिक्षुसंघाचा नियम होता. कोकणच्या पावसात त्यासाठी पक्का निवारा लागे आणि डोंगरातल्या खोलीइतका पक्का निवारा दुसरा नव्हता.

येथील खडकाचीही ओळख करून घ्यायला हवी. सह्याद्रीतल्या बहुतेक लेण्यांचा खडक एकसंध बेसाल्ट आहे. कान्हेरीत मात्र ज्वालामुखीची राख आणि दगडांचे तुकडे एकत्र घट्ट होऊन बनलेला खडक सापडतो. त्याचा पोत भरड आहे. छिन्नीला तो तुलनेने लवकर दाद देतो, पण वारा-पावसापुढे झिजतोही लवकर. अनेक मूर्तींचे चेहरे आज पुसट दिसतात, त्याचे एक कारण हा खडक आहे.

चार महिन्यांचा पाऊस, बारा महिन्यांचे पाणी

मुंबईच्या परिसरात वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, पण तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. उरलेले आठ महिने डोंगर कोरडा असतो. दोन उतारांच्या मधून वाहणारा ओढा पावसाळ्यात खळाळतो आणि उन्हाळ्यात आटतो. शेकडो माणसांची वस्ती बारमाही टिकवायची, तर पडणारा पाऊस धरून ठेवण्यावाचून उपाय नव्हता.

कान्हेरीच्या कारागिरांनी हा प्रश्न लेणे खोदतानाच सोडवला. एखादे साधे लेणे निवडावे आणि सावकाश न्याहाळावे. पायऱ्या चढून आपण छोट्या अंगणात येतो. पुढे दोन-चार खांबांची ओसरी, तिच्या भिंतीलगत दगडी ओटा, आत एक दालन, दालनात झोपण्यासाठी खडकातच ठेवलेला बाक, उजेडासाठी खिडकी. आता अंगणाच्या एका बाजूला पाहावे. तिथे जमिनीलगत किंवा भिंतीतल्या कोनाड्यात एक चौकोनी तोंड दिसेल. त्याखाली पाण्याचे टाके आहे. तोंड लहान आणि आतला भाग मोठा. त्यामुळे ऊन कमी लागे, बाष्पीभवन कमी होई, पालापाचोळाही कमी पडे.

मग मान वर करून लेण्याच्या माथ्याकडे पाहावे. खडकाच्या उतारावर बोटभर ते वीतभर रुंदीच्या पन्हळी कोरलेल्या दिसतात. वरून येणारे पाणी ओसरीच्या तोंडावर कोसळू नये म्हणून त्या ते बाजूला वळवतात आणि टाक्यापर्यंत आणून सोडतात. एकाच पन्हळीने दोन कामे होतात. लेणे कोरडे राहते आणि टाके भरते. वरचे टाके भरले की जादा पाणी खालच्या पातळीवर उतरते. खडकात कोरलेल्या पायवाटा आणि जिने लेण्यांना एकमेकांशी जोडतात, तसा हा जलमार्गही डोंगरभर पसरलेला आहे. जुलै-ऑगस्टमध्ये कान्हेरीला गेलात तर ही व्यवस्था आजही चालू असलेली दिसते. दोन हजार वर्षांपूर्वी कोरलेल्या पन्हळीतून पाणी ठरल्या वाटेने धावत असते.

ओसरीच्या भिंतींवर आणि जमिनीवर लहान-मोठी चौकोनी, गोल भोकेही दिसतील. त्यांत लाकडी खांब, दारांच्या चौकटी आणि पुढे काढलेल्या छपरांचे वासे बसवलेले असत. लाकूड केव्हाच गेले, भोके उरली. ती पाहताना आजच्या उघड्यावाघड्या लेण्याला मनातल्या मनात दारे, पडव्या आणि सावली द्यावी. भिक्षूच्या मोजक्या वस्तूंमध्ये भिक्षापात्र, चीवर, वस्तरा, सुई यांच्या जोडीला पाणी गाळण्याचे फडकेही असे. पाण्यातला जीव नकळत पोटात जाऊ नये, हा त्यामागचा विचार. टाक्यातून पाणी काढणे, गाळणे, वाटणे हा या डोंगरावरच्या रोजच्या शिस्तीचा भाग होता.

टाके कोणी दिले?

कान्हेरीत शंभरहून अधिक शिलालेख आहेत. बहुतेक ब्राह्मी लिपीत आणि प्राकृत भाषेत आहेत. मोठ्या पराक्रमाच्या कथा त्यांत फारशा नाहीत. कोणी, कोठून येऊन, काय दिले, एवढेच थोडक्यात नोंदलेले असते. या देणग्यांमध्ये लेण्यांच्या बरोबरीने टाक्यांचा उल्लेख पुन्हा पुन्हा येतो. टाक्याला तेथे ‘पोढी’ किंवा ‘पाणियपोढी’ म्हटले आहे.

कल्याणच्या सामिदत्त नावाच्या सोनाराने एक पाण्याची पोढी दिली. चौलच्या रोहिणीमित्र नावाच्या हेरणिकाचा, म्हणजे पैशाचे व्यवहार पाहणाऱ्याचा, मुलगा सुलसदत्त याने दुसरी दिली. कल्याणच्याच नंद नावाच्या लोहाराने येथे एक वाट बांधून दिली. भिक्षुणींनीही लेणी दान केली आहेत. राजाचा खजिना नसलेली, हाताने काम करून पोट भरणारी ही माणसे होती. त्यांनी स्वतःच्या कमाईतून परक्या प्रवाशाला आणि भिक्षूला पाणी मिळावे अशी सोय केली आणि खडकावर नाव कोरून ठेवले. बहुतेक दाने ‘चातुर्दिस’ संघाला, म्हणजे चारी दिशांनी येणाऱ्या कोणाही भिक्षूला, दिलेली आहेत. काही लेखांत सगळ्या लोकांच्या हितसुखाची इच्छाही नोंदवलेली आहे.

कान्हेरीतल्या टाक्याशेजारच्या एका लेखाने तर राजकीय इतिहासाचा एक धागा जुळवून दिला. पाचव्या लेण्यापाशी असलेल्या या संस्कृत लेखात वासिष्ठीपुत्र सातकर्णी या सातवाहन राजाच्या राणीचा उल्लेख आहे. ती कार्दमक कुळातली असून तिचे वडील महाक्षत्रप असल्याचे लेख सांगतो. वडिलांच्या नावातले ‘रु’ हे पहिले अक्षर उरले आहे आणि पुढचा भाग नष्ट झाला आहे. अभ्यासकांनी हा पिता म्हणजे क्षत्रप राजा रुद्रदामन असे मानले. जुनागढच्या प्रसिद्ध शिलालेखात रुद्रदामन सांगतो, की दक्षिणापथाचा स्वामी सातकर्णी याला आपण दोनदा हरवले, पण जवळच्या नात्यामुळे त्याचा उच्छेद केला नाही. ते नाते कोणते, याचे उत्तर कान्हेरीच्या लेखातून मिळते. राणीच्या शतेरक नावाच्या अमात्याने दिलेल्या पाण्याच्या टाक्यावर दोन राजघराण्यांचा विवाहसंबंध असा नोंदला गेला.

टाके आणि लेणे एकदा खोदून भागत नसे. भिक्षूंना चीवरे लागत, दुरुस्ती लागे. त्यासाठी ‘अक्षयनीवी’ म्हणजे कायमची ठेव ठेवण्याची पद्धत होती. मूळ रक्कम वा जमीन तशीच राही आणि उत्पन्नातून खर्च भागे. अशा एका देणगीत ‘मंगलथान’ गावातल्या शेताचा उल्लेख येतो. हे गाव म्हणजे आजचे मागाठाणे. मेट्रोच्या स्थानकावर रोज वाचले जाणारे हे नाव जवळपास दोन हजार वर्षांपूर्वी कान्हेरीच्या दगडावर कोरले गेले आहे.

तिसरे लेणे

एवढे पाहून मग चैत्यगृहात जावे. सातवाहन राजा यज्ञ सातकर्णी याच्या काळात, इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाच्या अखेरीस, गजसेन आणि गजमित्र या व्यापारी भावांनी ते खोदून घेतले. भद्रायणीय पंथाच्या आचार्यांना ते अर्पण झाले. लेखात कामावर देखरेख करणाऱ्या भिक्षूंची नावे आहेत आणि कारागिरांचे प्रकारही आहेत. ‘सेलवढकी’ म्हणजे दगडावर काम करणारे सुतार, ‘मिठिक’ म्हणजे दगड घोटून गुळगुळीत करणारे. भारतातल्या फार थोड्या लेण्यांत कारागिरांना अशी जागा मिळाली आहे.

आराखड्यावर कार्ल्याच्या चैत्यगृहाची छाप स्पष्ट आहे. लांबट दालन, दोन्ही बाजूंनी खांबांच्या रांगा, टोकाला स्तूप, वर कमानदार छत. कार्ल्याच्या छताला मूळच्या लाकडी फासळ्या अजून टिकून आहेत. येथे त्या गेल्या आणि त्या बसवण्याच्या खाचा उरल्या. खांबांचेही नीट निरीक्षण करावे. काहींना घटाचा पाया, वर घंटाकृती शीर्ष आणि प्राण्यांवर बसलेली माणसे आहेत. बाकीचे साधे अष्टकोनी राहिले आहेत. काम ज्या टप्प्यावर थांबले तो टप्पा तसाच गोठून राहिला आहे.

दर्शनी भिंतीवरची स्त्री-पुरुषांची युगुले मूळ कामातली आहेत. ओसरीच्या दोन टोकांना उभ्या असलेल्या सुमारे सात मीटर उंचीच्या बुद्धमूर्ती मात्र कित्येक पिढ्यांनंतरच्या, साधारण पाचव्या-सहाव्या शतकातल्या. मधल्या काळात बौद्ध उपासनेत मोठा बदल झाला होता. आरंभी स्तूप हेच पूजेचे केंद्र होते, पुढे बुद्धाची मूर्ती त्याच्या जोडीला आली. एकाच वास्तूत हे दोन्ही काळ शेजारी शेजारी उभे आहेत.

याच चैत्यगृहासमोरच्या स्तूपात १८३९ साली डॉ. जेम्स बर्ड यांना एक ताम्रपट सापडला. त्रैकूटक राजवटीच्या २४५व्या वर्षाचा, म्हणजे पाचव्या शतकाच्या अखेरचा तो लेख आहे. सिंधू देशातून आलेल्या बुद्धरुची नावाच्या माणसाने कृष्णगिरीच्या महाविहारात बुद्धाचा पट्टशिष्य सारिपुत्र याच्या स्मरणार्थ हे चैत्य उभारले, असे त्यात म्हटले आहे.

वर चढत जाताना

ओढ्याच्या बाजूने वर निघाले की अकरावे लेणे लागते. लोक त्याला दरबार हॉल म्हणतात. प्रशस्त दालनात दोन लांब, बुटके दगडी बाक समांतर गेलेले आहेत. भिक्षूंनी समोरासमोर बसून भोजन करावे, चर्चा करावी, पठण करावे, यासाठी केलेली ही सोय आहे. चौतिसाव्या लेण्याच्या छतावर बुद्धाचे अपुरे राहिलेले चित्र आहे. एकेकाळी इथल्या भिंतींना रंग होते, याची खूण त्यावरून पटते. एकेचाळिसाव्या लेण्यात अकरा मुखांचा अवलोकितेश्वर आहे. बोधिसत्त्वाचे हे रूप भारतातल्या दगडी शिल्पांत अतिशय दुर्मीळ आहे.

नव्वदाव्या लेण्यातले शिल्प वेळ देऊन पाहण्यासारखे आहे. मध्यभागी अवलोकितेश्वर उभा आहे आणि त्याच्या दोन्ही बाजूंना लहान चौकटींत संकटे कोरलेली आहेत. हत्ती, सिंह, साप, आग, चोर, बेडी आणि बुडणारे जहाज. प्रत्येक चौकटीत भयभीत माणूस त्याचा धावा करतो आहे. सोपारा, कल्याण, चौल इथून समुद्रात गलबते सोडणाऱ्या व्यापाऱ्याला हे शिल्प किती जवळचे वाटले असेल, हे सांगायला नको. ज्यांच्या पैशावर कान्हेरी उभी राहिली, त्यांच्या मनातली भीती आणि आशा येथे दगडात उमटली आहे.

याच लेण्यात पहलवी लिपीतले लेखही आहेत. इसवी सन १००९ आणि १०२१ मध्ये येथे आलेल्या पारशी मंडळींनी आपली नावे कोरून ठेवली. पारशी समाजाच्या भारतातल्या वास्तव्याचे हे फार मोलाचे पुरावे आहेत.

भिक्षूंची स्मरणे

डोंगराच्या एका कडेला, पुढे झुकलेल्या लांबलचक खडकाखाली, विटांच्या लहान लहान स्तूपांचे अवशेष रांगेने आहेत. सत्त्याऐंशी क्रमांकाने ओळखली जाणारी ही जागा कान्हेरीतल्या भिक्षूंचे स्मृतिस्थान आहे. डेक्कन कॉलेजच्या डॉ. शोभना गोखले यांनी इथले स्मृतिलेख शोधून वाचले. या जागेला निर्वाणवीथी हे नाव आता रूढ झाले आहे. कान्हेरीच्या शिलालेखांवरचा त्यांचा ग्रंथ १९९१ साली प्रसिद्ध झाला. या लेखांत थेरांची, म्हणजे ज्येष्ठ भिक्षूंची, नावे आहेत आणि कोणी अर्हत, कोणी अनागामी अशी त्यांची आध्यात्मिक पायरीही नोंदवलेली आहे. लेण्यांवर दात्यांची नावे आहेत, येथे ज्यांच्यासाठी ती लेणी आणि टाकी खोदली त्यांची नावे आहेत. दोन्ही मिळून या वसाहतीची नोंदवही पूर्ण होते.

शेवटच्या शतकांतला हिशोब

अजिंठ्याचे काम थांबल्यावरही कान्हेरी जागती राहिली. नवव्या शतकात राष्ट्रकूट सम्राट अमोघवर्षाच्या आणि त्याच्या मांडलिक शिलाहारांच्या काळातले संस्कृत लेख येथे आहेत. गौड देशातून, म्हणजे बंगालकडून, आलेल्या अविघ्नाकर नावाच्या उपासकाने भिक्षूंच्या ध्यानासाठी दालने आणि वस्त्रांसाठी शंभर द्रम्म नाण्यांची ठेव दिली. शिलाहार पुल्लशक्तीच्या काळातल्या दुसऱ्या एका लेखात दानाची वाटणीच दिली आहे. बुद्धाच्या पूजेसाठी २० द्रम्म, विहाराच्या दुरुस्तीसाठी ३, भिक्षूंच्या वस्त्रांसाठी ५ आणि पुस्तकांसाठी १ द्रम्म. पुस्तकांसाठी वेगळा पैसा राखून ठेवणारी ही जागा केवळ निवाऱ्याची नव्हती, ती विद्येचीही होती.

जायचे तर कसे?

बोरिवली स्थानकापासून उद्यानाचे प्रवेशद्वार चालत जाण्याइतके जवळ आहे. आतून लेण्यांपर्यंत उद्यानाच्या बसची सोय असते. सोमवारी उद्यान बंद असते. सकाळी लवकर पोहोचावे, कारण वरची लेणी पाहायला अर्धा दिवस सहज लागतो आणि दुपारी खडक तापतो. पावसाळ्यात पायऱ्यांवर शेवाळ धरते, तेव्हा घट्ट पकड असलेली पादत्राणे हवीत. पाणी आणि खाऊ पिशवीत बंद ठेवावा, माकडे फार धीट आहेत. आणि सर्वांत महत्त्वाचे, खडकाला हात लावून अक्षरे चाचपू नयेत. भरड खडकावरची ही अक्षरे आधीच झिजली आहेत.

टाक्यांकडे आज फार थोड्यांचे लक्ष जाते. काहींत गाळ साचला आहे, काहींत येणारे-जाणारे बाटल्या आणि वेष्टने टाकतात. मूर्तीवर कोणी नाव खरडले तर आपल्याला संताप येतो, टाक्यात पडलेली बाटली मात्र नजरेआड होते. वास्तविक दोन्ही दाने सारख्याच श्रद्धेने दिलेली आहेत. सामिदत्त सोनाराने दिलेले टाके गजसेन-गजमित्रांच्या चैत्यगृहाइतकेच प्राचीन वारशाचे अंग आहे आणि तेवढ्याच काळजीचे हकदार आहे.

मुंबईकराने तर याकडे विशेष आत्मीयतेने पाहायला हवे. शहराला नळाचे पहिले पाणी १८६० साली विहार तलावातून मिळाले, १८७९ मध्ये तुळशी तलाव त्याच्या जोडीला आला. हे दोन्ही तलाव याच डोंगररांगेत आहेत. चार महिन्यांचा पाऊस वर्षभर पुरवायचा, हा प्रश्न विहार-तुळशी बांधणाऱ्यांपुढे होता, तोच त्यांच्या सतराशे वर्षे आधी कान्हेरीच्या भिक्षूंपुढे आणि कल्याणच्या कारागिरांपुढे होता. त्यांनी पावसाचा एकेक थेंब मोलाचा मानला, तो साठवण्याला पुण्यकर्म मानले आणि त्यासाठी सोनार-व्यापाऱ्यांपासून राणीच्या अमात्यापर्यंत सगळ्यांनी खर्च केला. दर उन्हाळ्यात धरणांच्या पातळीचे आकडे धास्तीने वाचणाऱ्या शहराने आपल्या सीमेत उभा असलेला हा धडा मुलांना हाताला धरून दाखवावा. शाळेच्या सहलीत चैत्यगृहाबरोबर निदान एक टाके, त्याची पन्हळ आणि त्यावरचे दात्याचे नाव मुलांनी नीट पाहिले, तर कान्हेरी त्यांना अधिक खरी कळेल.